लाइट आली, पण काटा बोलेना!



शनिवारची संध्याकाळ, दुकानात गर्दी. लाइट जाते, दहा मिनिटांनी येते. बिलिंगचा लिनक्स कॉम्प्युटर सुरू होतो, पण काट्यावरचं वजन काही बिलात येत नाही. मग तुम्ही भाच्याला फोन लावता. तो येऊन एक कमांड टाइप करतो की काटा चालू! पण भाचा परगावी असला तर? तुम्ही हाताने आकडे टाकत बसणार आणि रांगेतलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार.

काटा बिघडलेला नसतोच. समजा, तुमचा काटा 2400 च्या वेगाने बोलतो. लिनक्स मात्र यूएसबी-सिरीयल केबलचा पोर्ट 9600 वर सुरू करतं. भाचा 'एसटीटीवाय' कमांडने तो वेग जुळवून देतो. ही सेटिंग डिस्कवर साठत नाही. मशीन बंद झालं की गेली.

"मग ती कमांड स्टार्टअपला टाकू या," असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी पूर्वी 'आरसी डॉट लोकल' ही फाइल वापरायचे. पण डेबियन आणि उबुंटू 2015 मध्ये 'सिस्टिमडी'वर आले आणि नव्या उबुंटूत ही फाइल आयती मिळत नाही. ती बनवली तरी एक अडचण उरतेच. कमांड एकदाच चालते, आणि तेव्हा केबल ओळखली गेलेली असेलच असं नाही. शिवाय झाडू मारताना कुणी केबल काढून परत लावली, की पुन्हा तेच!

म्हणून कमांड "कॉम्प्युटर सुरू झाल्यावर" नको, "काटा जोडला गेल्यावर" चालायला हवी. हे काम 'यूडेव्ह'चं. अक्षरं व्हिडिओत स्क्रीनवर आहेत, पायऱ्या अशा:

1. 'एलएसयूएसबी' चालवा. केबलसमोर चार-चार अक्षरांचे दोन कोड दिसतील, ते लिहून घ्या.

2. यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये एक फाइल बनवा. त्यात एकच ओळ: हे कोड असलेला सिरीयल पोर्ट आला, की त्याला आपलं कायमचं नाव दे आणि एसटीटीवाय चालव. कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. नुसतं नाव चालत नाही. बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही हेच कायमचं नाव द्या, म्हणजे पोर्टचा नंबर बदलला तरी अडत नाही.

3. रूल्स रिलोड करा, केबल काढून परत लावा.

लक्षात ठेवा, यूडेव्हला क्षणात संपणारंच काम द्यायचं. सतत चालणारा प्रोग्रॅम असेल तर सिस्टिमडीची सर्व्हिस बनवा आणि ती 'एनेबल' करा. नुसतं 'स्टार्ट' केलंत तर पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर ती आपोआप चालणार नाही.

शेवटी खरी परीक्षा. दुकान बंद करताना कॉम्प्युटर नीट शटडाउन करा, मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि कीबोर्डला हात न लावता किलोभर साखर तोला. वजन बिलात आलं? मग फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आता भाच्याला फोन करा, पण फक्त जेवायला बोलवायला!