फाट्यावरची पाटी

शिवथरघळीकडे वळणाऱ्या फाट्यावर पाऊस आत्ता कुठे उघडलाय. झाडाखाली एक कातकरी बाई पाटी घेऊन बसलीय. पाटीत वलगणीचे, पावसात वर चढून आलेले मळे मासे, चार शिंगट्या आणि अजून शेपटी आपटणारी एक मरळ. शेजारी टेम्पोवाल्याने थर्माकोलचा खोका मांडलाय. त्यात बर्फात ठेवलेले तळ्यातले रोहू, कटला.

गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं. इथेही लाल, तिथेही लाल.

पण कल्ल्यावरून मासा ताजा आहे एवढंच कळतं, त्यावर कुठले जिवाणू आहेत ते नाही. गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचा जिवाणू मुळातच राहतो, आणि ॲम्पिसिलिनला तो बहुधा जन्मापासूनच दाद देत नाही. तळ्यात खाद्यातून प्रतिजैविकं घातली की कच्चे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि आपला चिवटपणा शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान माशांना द्यायला आपल्याकडे बंदी आहे, ती याच काळजीपोटी असती तर बरं झालं असतं. मुख्य कारण आहे माशात उरणारा औषधाचा विषारी अंश. चिवट जिवाणू मात्र औषधाचा अंश संपल्यावरही मागे राहू शकतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत असाच चिवटपणा देणारं एनडीएम-१ हे जनुक सापडलं. ते बाळगणाऱ्या जिवाणूंत एरोमोनासही होता.

टेम्पोवाला ओंडक्यावर कटला तोडतो, कोयता त्याच बादलीत बुचकळतो, त्याच फडक्याला पुसतो. एक ताई तुकडे कोथिंबिरीच्या पिशवीतच टाकतायत.

"ताई, मासा वेगळा ठेवा," मी म्हणते.

"कालवण उकळणारच आहे की!"

खरंय, उकळीत जिवाणू मरतो. कोथिंबीर मात्र कच्चीच पानात येईल. त्या हसतात, पण दुसरी पिशवी मागून घेतात.

पाटीवालीच्या अंगठ्याला चिंधी आहे. शिंगटीचा काटा लागलाय. सूज मनगटाकडे सरकलीय. सगळ्यात मोठा धोका हिलाच आहे. माशाच्या पाण्यातला जिवाणू अशा जखमेतून आत शिरू शकतो.

"मावशी, औषध घेतलंत?"

"मेडिकलातून दोन गोळ्या आणल्या. ठणका र्‍हायला, मग सोडल्या."

कुठल्या गोळ्या, तिला ठाऊक नाही. मी सांगते, आजच सरकारी दवाखान्यात जा, काटा लागल्याचं सांगा, देतील ती गोळी सांगतील तितके दिवस घ्या.

"पाटी सरू दे, जाते."

मी उरलेले मळे तोलायला सांगते.