सत्तावीस म्हणजे महाराष्ट्र की अमरावती?

चिखलीतल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच २८ दिसते, कारण परिवहन खात्याच्या यादीत चिखलीच्या बुलडाणा जिल्ह्याचा क्रमांक २८. २०११ च्या जनगणनेत मात्र याच जिल्ह्याचा क्रमांक होता ५००, आणि तिथल्या राज्यांच्या यादीत २८ म्हणजे आंध्र प्रदेश. जनगणनेत २७ म्हणजे महाराष्ट्र, परिवहन खात्यात २७ म्हणजे अमरावती. आपापल्या जागी सगळे बरोबर आहे. पण प्रोग्रॅममध्ये हे नुसते आकडे म्हणून शिरले, तर चिखलीच्या सोयाबीनची नोंद आंध्रात जाऊ शकते आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

यासाठीच 'एनम' असतो: ठरावीक पर्यायांची, नावानिशी केलेली बंद यादी. निकलाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेत ती १९७० पासून होती, जावात २००४ साली आली. एका यादीतला जिल्हा दुसऱ्या यादीच्या जागी दिला, की कम्पायलर 'टाइप मिसमॅच' सांगून काम अडवतो. मग भाषा परवानगी देत असेल तिथे घाईत कास्ट, म्हणजे 'हे मूल्य त्याच प्रकारचे मान' असा हुकूम, लावला जातो आणि तक्रार मिटते. माझ्या मते हा उपाय नाही, ही इशारा देणाऱ्याची मुस्कटदाबी आहे. सी शार्पमध्ये तर यादीत नसलेला ९९९ सुद्धा कास्ट करून खपवता येतो. सी भाषेत एनम जवळजवळ पूर्णांकासारखाच वागतो. सी प्लस प्लसने २०११ साली 'एनम क्लास' आणला, तो ही ढिलाई आवरायला.

कुणी म्हणेल, डेटाबेसमध्ये आकडेच असतात, रूपांतर टाळणार कसे? टाळू नयेच. ते आकडा आत येतो तिथे, एकाच जागी करावे. यादीत नसलेला आकडा तिथेच नाकारावा, आणि ५०० व २८ यांची जोड तक्त्यात स्पष्ट लिहावी. नावांवर विसंबूनही भागत नाही. जनगणनेच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये बुलडाण्याला एच नाही, इतरत्र बहुधा असतो. आणि चिखली पिंपरी-चिंचवडमध्येही आहे, गुजरातेत नवसारी जिल्ह्यातही आहे.

याद्या बदलतात, मग इतकी शिस्त कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत तो परभणी आणि पुण्याच्या मध्ये बसतो. जावात पर्यायाचा नुसता अनुक्रम साठवला असेल, तर पुण्याच्या जुन्या नोंदी पालघरच्या म्हणून वाचल्या जातील, आणि इथे कम्पायलरही गप्प राहील. म्हणून प्रत्येक जिल्ह्याला कायमचा कोड द्यावा, जागेवरून ठरणारा नव्हे. रस्टसारख्या भाषेत प्रत्येक जिल्ह्याची वेगळी शाखा लिहिलेली असली, तर पालघर यादीत येताच तो जिथे जिथे हाताळायचा राहिला ती प्रत्येक ओळ कम्पायलर दाखवून देतो.