कोल्हापुरी काळी का पडते? रंग, तेल आणि पावसाचं पाणी

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय चपलेचा आहे आणि सुरुवात माझ्याच गाढवपणापासून करतो.

काही वर्षांपूर्वी चप्पल लाईनीतून मी एक कापशी घेतली. मधासारखा रंग, चालताना करकर आवाज. दोन महिन्यांत ती टाचेखाली आणि अंगठ्यापाशी काळपट दिसायला लागली. मला वाटलं, रंग गेला. घरात बुटाच्या ब्राऊन पॉलिशची डबी होती, घेतला ब्रश आणि लावलं चोळून. आठ दिवस झकास दिसली. मग पाय घामेजले तसं पॉलिश पायाला लागलं, पांढऱ्या लेंग्याची कड तपकिरी झाली आणि पट्टा जिथं वाकतो तिथं तो थर तडकला. चप्पल घेऊन परत त्याच कारागिराकडे गेलो. मामांनी ती उलटी केली, नखानं खरवडली आणि विचारलं, “हिला रंग कुणी फासला?” म्हटलं, पॉलिश आहे. “त्येच की. बुटाला लावत्यात ते. हिचा रंग वर न्हाई, आत हाय.”

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला वेळ लागला. आज तोच उलगडून सांगतो.

बाजारातल्या बऱ्याचशा बुटांचं कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मुळात निळसर करडं निघतं. त्यावर रंग चढवतात आणि वर चकचकीत थर देतात. पॉलिश त्या वरच्या थरासाठी असतं. पारंपरिक कोल्हापुरीचं कातडं मात्र झाडांवर कमावलेलं असतं. बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी करून त्यात कातडं मुरवायचं. जुन्या पद्धतीत तर कातडं शिवून त्याची पिशवीच करायचे, ती टांगायची आणि आत सालीचं पाणी भरायचं. ते पाणी कातड्यातून हळूहळू पाझरत राहायचं. सालीतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून बसतं आणि त्यामुळे कातडं कुजत नाही. तेच टॅनिन त्याला रंगही देतं. हिरड्याचा पिवळसर, बाभळीचा तांबूस. तुमच्या चपलेच्या तळाची कापलेली कड बघा, आरपार तपकिरी दिसेल. मध्येच निळसर करडी रेघ दिसली, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

आता गंमत अशी की हा रंग थांबत नाही. उजेड आणि हवा लागली की टॅनिन गडद होत जातं, बाभळीचं तर जास्तच तांबूस होतं. त्यात पायाचा घाम आणि तेल मुरतं. म्हणजे मधाच्या रंगाची चप्पल दोन वर्षांत गुळाच्या रंगाची होणारच. मी ज्याला ‘रंग गेला’ म्हणत होतो, तो खरं तर रंग येत होता. दुकानातली छटा धरून ठेवायचा हट्ट सोडला की अर्धी काळजी संपते.

उरलेली अर्धी डागांची. एकसारखं गडद होणं वेगळं आणि डाग पडणं वेगळं.

पहिला शत्रू पाणी, आणि तेही अर्धवट पाणी. चार थेंब पडले की कातड्यातलं सुटं टॅनिन त्या पाण्यात विरघळतं आणि सुकताना ओल्या भागाच्या कडेला जाऊन साठतं. तिथं काळपट वर्तुळ उमटतं. अशा वेळी लोक डाग पुसत बसतात आणि तो आणखी उठून दिसतो. त्याऐवजी स्वच्छ ओल्या फडक्यानं तो अख्खा पट्टा एकसारखा ओलसर करा आणि सावलीत, वारं लागेल असा सुकू द्या. वर्तुळ बरंचसं मिसळून जातं. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नका. पटकन सुकलेल्या कातड्याचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि चप्पल पापडासारखी कडक होते.

दुसरा शत्रू लोखंड. हे मला फार उशिरा कळलं. पूर्वी शाई कशी करायचे आठवतंय? हिरडा आणि हिराकस, म्हणजे टॅनिन आणि लोह. ओली कोल्हापुरी गंजक्या लोखंडी रॅकवर ठेवली की तुम्ही नकळत शाईच बनवता. हा काळा-निळा डाग साबणानं हलत नाही. लिंबाच्या रसात पाणी घालून फडक्यानं हलकेच लावा, डाग फिका होतो. मग साध्या पाण्याचं फडकं फिरवून आंबटपणा काढायचा, आणि सुकल्यावर तेल. जुन्या चपलेला लोखंडी खिळे का नसतात, चामड्याच्याच वादीनं का शिवतात, याला इतरही कारणं असतील. पण वादी गंजत नाही, हे खरंच.

तेलाचं सांगतो. आपल्याकडे नव्या चपलेला तेल द्यायची पद्धत जुनीच आहे, ती चावू नये म्हणून. रंगासाठीही तेच कामाचं. एरंडेल चांगलं, ते सुकून कडक होत नाही. खोबरेल चालतं, पण ते साधारण 24 अंशाखाली गोठतं, त्यामुळे थंडीत कातड्यावर पांढुरकं दिसलं तर लगेच बुरशी समजून घाबरू नका. जवसाचं तेल नको, ते हवेत सुकून थर धरतं. फडक्यावर चार थेंब, दोन्ही चपलांना एकाच दिवशी, महिन्यातून एकदा. तेलानं रंग एक छटा गडद होतो, म्हणून आधी तळाच्या बाजूला लावून बघा. लाल किंवा मरून रंगवलेल्या चपलेला आधी ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग उतरला, तर तेलाच्या नादाला लागू नका.

आणि पावसाळा! कोल्हापुरातला जुलै आणि कोल्हापुरी, हे जमायचं नाही. मृगाच्या आधी पुसून, तेल देऊन, जुन्या सुती धोतरात गुंडाळून उंच जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीत तर श्रावणात हिरवी सापडेल. पंधरा दिवसांनी एकदा काढून वारं द्या. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या ब्रशनं झटका.

2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखी सँडल दिसली आणि आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवं होतं. पण त्याच आठवड्यात आपल्यापैकी किती जणांच्या पायात रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ होती, हेही मोजायला हरकत नव्हती. झाडावर कमावलेल्या कातड्याला दिवस लागतात, हात लागतात. घेणाऱ्याला फरक ओळखता आला नाही, तर ते काम कोण कशाला करेल?

माझ्या त्या कापशीचं काय झालं, विचाराल. मामांनी पॉलिश जमेल तेवढं खरवडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, एरंडेल दिलं आणि “आता हिला एक उन्हाळा नुसतं चालवा” म्हणाले. पैसे घेतले नाहीत. डावीच्या पट्ट्यावरची भेग राहिली ती राहिलीच. बाकी रंग आता दोन्हींचा सारखा आहे, काकवीसारखा.