कोवाल्स्की : एका आडनावाचे अनेक उगम

पोलंडमध्ये अर्ज कसा भरावा याचा नमुना छापायचा झाला, की नावाच्या रकान्यात बहुधा ‘यान कोवाल्स्की’ असे लिहितात. महागाई वाढली, कर्जाचे हप्ते चढले, की तिथली वर्तमानपत्रे ‘सामान्य कोवाल्स्कीला याचा किती फटका बसेल?’ असे विचारतात. कोवाल्स्की म्हणजे चारचौघांतला माणूस. खरे तर संख्येने पहिले आडनाव नोवाक. देशात सुमारे २ लाख नोवाक आहेत आणि कोवाल्स्की सव्वा लाखाहून थोडे अधिक. तरीही सर्वसामान्य पोलिश माणसाचे प्रतिनिधित्व भाषेने कोवाल्स्कीकडेच दिले.

या आडनावाचा अर्थ कोणत्याही पोलिश माणसाला विचारा, उत्तर लगेच मिळते. ‘कोवाल’ म्हणजे लोहार, त्यावरून कोवाल्स्की. उत्तर बरोबर आहे. पण एवढ्यावर थांबले तर एका देशाचा सात-आठशे वर्षांचा इतिहास हातातून निसटतो. या एका आडनावात जमीनदार आहेत, वेठबिगार शेतकरी आहेत, ज्यू आहेत, जर्मनीच्या रूर खोऱ्यातले खाणकामगार आहेत. ते एकाच आडनावापर्यंत आले, ते वेगवेगळ्या वाटांनी.

‘स्की’ आले कुठून?

‘स्की’ हा पोलिश भाषेतला विशेषण करणारा प्रत्यय. गावाच्या, वस्तूच्या किंवा माणसाच्या नावाला तो लागला की ‘त्या ठिकाणचा’, ‘त्याच्याशी संबंधित’ असा अर्थ होतो. मराठी वाचकाला हे चटकन कळेल, कारण आपला ‘कर’ हेच काम करतो. फरक आहे तो इतिहासात. आपल्याकडे गाव सोडलेला कोणीही ‘कर’ लावू शकत होता. पोलंडमध्ये ‘स्की’ दीर्घकाळ जमीन असणाऱ्याची खूण होती.

मध्ययुगात तिथल्या सरदार-जमीनदार वर्गाला, म्हणजे ‘श्लाख्ता’ला, पक्के आडनाव नव्हते. माणूस त्याच्या गावावरून ओळखला जाई. तेंचिन गावाचा धनी यान हा ‘तेंचिनचा यान’. पुढे ‘तेंचिनचा’ याचे ‘तेंचिन्स्की’ झाले आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत ही विशेषणे आडनावे म्हणून स्थिरावली. मेरी क्युरींचे माहेरचे स्क्वोदोव्स्का हे आडनावही असेच, माझोव्हिया प्रांतातल्या स्क्वोदी गावावरून आलेले.

या पद्धतीमुळे एक चमत्कारिक गोष्ट घडे. दोन सख्खे भाऊ वारशाच्या वाटणीत दोन वेगळ्या गावांचे मालक झाले, तर त्यांची आडनावेही वेगळी होत. रक्त एक, नावे दोन. आणि सारख्या नावाची गावे देशभर विखुरलेली असल्याने उलटेही होई : एकमेकांशी कसलेही नाते नसलेली घराणी एकाच आडनावाची होत. कोवाल्स्कींची कथा मुख्यतः या दुसऱ्या प्रकारची आहे.

लोहारांची गावे

पोलंडच्या नकाशावर कोवाले नावाची अनेक गावे सापडतात. ‘कोवाले’ हे ‘कोवाल’चे अनेकवचन, म्हणजे लोहारांची वस्ती. या नावामागे एक जुनी राज्यव्यवस्था आहे. प्यास्ट घराण्याच्या राज्यकर्त्यांनी दहाव्या ते बाराव्या शतकांत आपल्या किल्ल्यांभोवती सेवेकऱ्यांची गावे वसवली. एका गावाने राजाला ढाली पुरवायच्या, दुसऱ्याने भाकरी भाजायच्या, तिसऱ्याने गुरे राखायची, चौथ्याने लोखंड घडवायचे. ती व्यवस्था मोडून शतके लोटली, पण श्चित्निकी (ढाली करणारे), पिएकारी (भाकरी भाजणारे), स्कोत्निकी (गुरे राखणारे), कोवाले ही नावे आजही गावांच्या पाट्यांवर आहेत.

कुयाव्ह्या भागात तर कोवाल नावाचे शहरच आहे. पोलंडचा थोर राजा काझिमिएश याचा जन्म १३१० मध्ये तिथे झाला. अशा एखाद्या गावाचा मालक कोवाल्स्की म्हणवू लागला, तेव्हा त्याने कधी हातोडा धरलेला नसे. नावात लोहार आला तो गावामुळे. त्या गावात कधी काळी भट्ट्या पेटत होत्या, एवढाच त्याचा लोहारकामाशी संबंध.

श्लाख्तातल्या कोवाल्स्कींचीही एकच शाखा नव्हती. वेगवेगळ्या कुलचिन्हांची अनेक कोवाल्स्की घराणी होती. म्हणून ओळख स्पष्ट करण्यासाठी काहींनी आडनावाआधी जोडनाव लावले. म्युनिकमध्ये नावारूपाला आलेला, बर्फातल्या लांडग्यांच्या आणि घसरगाड्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला चित्रकार आल्फ्रेड व्हिएरुश-कोवाल्स्की (१८४९–१९१५) हे याचे ठळक उदाहरण. त्यातला ‘व्हिएरुश’ हा शब्द सांगतो, की मी कोवाल्स्की खरा, पण या घराण्यातला.

भट्टीपासून पॅरिशच्या वहीपर्यंत

शेतकऱ्यांच्या घरी आडनाव फार उशिरा आले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये कॅथलिक पॅरिशांना, म्हणजे स्थानिक चर्चना, विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा नियम घालून दिला. त्यानंतर हळूहळू पोलंडच्या खेड्यांतही वह्या भरू लागल्या. पण नोंद करणाऱ्या धर्मगुरूला माणूस ओळखता आला की पुरे. आडनाव एकच राहावे असा आग्रह नव्हता. त्यामुळे एकच माणूस लग्नाच्या वेळी कोवाल, पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला कोवालिक आणि नंतर कोवाल्स्की म्हणून नोंदलेला आढळू शकतो.

या प्रत्येक रूपाला स्वतःची छटा आहे. कोवाल म्हणजे खुद्द लोहार. कोवाल्चिक म्हणजे लोहाराचा मुलगा किंवा त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा. कोवालिक म्हणजे छोटा लोहार. कोवाल्चिक हेही आज देशातल्या सर्वांत मोठ्या आडनावांपैकी आहे. प्रत्येक खेड्याला नांगराचा फाळ, घोड्याची नाल, दाराची कडी लागत होती. म्हणून प्रत्येक खेड्यात लोहार होता, आणि म्हणून त्या नावाची घरे देशाच्या कानाकोपऱ्यात एकमेकांपासून स्वतंत्रपणे निर्माण झाली.

मग कोवालचा कोवाल्स्की का झाला? श्लाख्ताच्या आडनावांना प्रतिष्ठा होती आणि ‘स्की’ त्या प्रतिष्ठेचा आवाज होता. सतराव्या-अठराव्या शतकांत आधी शहरवासीयांनी, मग शेतकऱ्यांनी तो आपल्या नावांना जोडला. काही वेळा माणसाने स्वतः, काही वेळा धर्मगुरूने किंवा कारकुनाने, केवळ सवयीने. या बदलाला कोणी लबाडी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्या समाजात वेठबिगार शेतकऱ्याला धन्याच्या परवानगीशिवाय गावही सोडता येत नव्हते, तिथे नावाच्या टोकाला जोडलेला ‘स्की’ हीच त्याने मिळवलेली उंची होती. आज बहुतांश कोवाल्स्की याच वाटेने आलेले आहेत. ‘स्की’ पाहून उमरावाचे रक्त शोधणाऱ्यांनी हे कधी विसरू नये.

सेंट फाउस्टिना ही त्यांपैकीच एक. ग्वोगोविएत्स या खेड्यात १९०५ मध्ये गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेली हेलेना कोवाल्स्का मठात गेली, १९३८ मध्ये क्राकुफला वारली आणि २००० साली संतपदाला पोहोचली. व्हिएरुश-कोवाल्स्की आणि ती यांचे आडनाव एक, पण घराण्याचा संबंध शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही.

तीन साम्राज्यांचे कारकून

१७७२, १७९३ आणि १७९५ या तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला. करवसुलीसाठी आणि सैन्यभरतीसाठी या राज्यांना प्रजेची पक्की नावे हवी होती. आडनाव न बदलता मुलाबाळांकडे जाऊ लागले ते या काळात.

ज्यू समाजाला याची सर्वांत मोठी झळ लागली. वडिलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समाजावर वंशपरंपरागत आडनाव कायद्याने लादले गेले. ऑस्ट्रियात १७८७ मध्ये जर्मन आडनावे घेण्याचा हुकूम निघाला. रशियाच्या छत्राखालच्या पोलिश राज्यात १८२१ मध्ये सक्ती झाली. तिथे काहींनी पोलिश वळणाची नावे घेतली आणि ज्यू कोवाल्स्कीही झाले. व्लोत्स्वाव्हेक शहराचे रब्बी येहुदा लेब कोवाल्स्की (१८६२–१९२५) हे धार्मिक झिओनिस्ट चळवळीचे नेते. त्यांचे शहर काझिमिएश राजाच्या कोवालपासून अगदी जवळ आहे.

चित्रकार, जोगीण आणि रब्बी : तिघांचे वर्ग वेगळे, दोन धर्म, आडनाव एक. १९२१ च्या राज्यघटनेने श्लाख्ताच्या पदव्या आणि विशेषाधिकार रद्द केले, तेव्हा कायद्यापुढेही अशा तीनही घरांतले कोवाल्स्की सारखे ठरले.

कारकुनांची भाषा बदलली तसे नावाचे रूपही बदलले. रशियाच्या ताब्यातल्या पोलिश राज्यात १८६८ पासून जन्म-मृत्यूच्या नोंदी रशियन भाषेत, सिरिलिक लिपीत होऊ लागल्या. जर्मन कागदांत शेवटचे अक्षर बदलून तेच नाव वेगळ्या वळणाने लिहिले जाई. आज पणजोबांचा शोध घेणाऱ्याला लॅटिन, जर्मन, रशियन आणि पोलिश अशा चार भाषांतल्या वह्या वाचाव्या लागतात.

कोवाल्स्का आणि सीमेपलीकडचे कोवाल्स्की

हे आडनाव विशेषण असल्याने ते लिंग आणि वचनाप्रमाणे बदलते. पुरुष कोवाल्स्की, स्त्री कोवाल्स्का, सारे कुटुंब मिळून कोवाल्स्त्सी. नोवाकसारख्या नामरूपी आडनावांत जुन्या काळी याहून बारीक भेद होता : नोवाकची बायको नोवाकोवा, अविवाहित मुलगी नोवाकुव्ना. स्त्रीचे लग्न झाले आहे की नाही हे नावच सांगून टाकी. विसाव्या शतकात नोकरी करणाऱ्या, सही करणाऱ्या स्त्रिया वाढल्या आणि ही रूपे मागे पडत गेली. मला हा बदल चांगला वाटतो.

देश सोडला की मात्र व्याकरणही सुटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलिश भाषक लाखोंनी जर्मनीच्या रूर खोऱ्यात कोळशाच्या खाणींवर गेले. तिथे आई, मुलगी, वडील सारेच कोवाल्स्की झाले. काहींनी जर्मन वळणाची नावे घेतली. राहिलेल्यांमुळे कोवाल्स्की हे आता जर्मनीतलेही ओळखीचे आडनाव आहे. अमेरिकेत कित्येक कोवाल्स्की ‘स्मिथ’ झाले. स्थलांतरितांची तपासणी होई त्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नावे बदलली ही समजूत सर्वदूर आहे, पण ते जहाजांच्या याद्यांवरूनच तपासणी करत. नावे बहुतेकांनी पुढे स्वतःच बदलली. कारखान्यातल्या मुकादमाला उच्चारता यावे, शाळेत मुलाला कोणी हसू नये म्हणून. टेनेसी विल्यम्स यांनी १९४७ च्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ मध्ये स्टॅन्ली कोवाल्स्की हे पात्र उभे केले, तेव्हा अमेरिकी प्रेक्षकाला त्या नावातून स्थलांतरित कामगारवर्ग लगेच ऐकू आला.

अर्थ नव्हे, गाव विचारा

पोलिश आडनावांच्या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला तो काझिमिएश रिमुट (१९३५–२००६) यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांमुळे. देशात वापरात असलेल्या आडनावांचा त्यांचा दहा खंडांचा कोश १९९२ ते १९९४ मध्ये निघाला. कोणते आडनाव कोणत्या प्रांतात किती जणांचे आहे हे त्यात पाहता येते. नाव कोणत्या मूळ शब्दावरून आले हे असे कोश सांगतात. एखादे विशिष्ट कुटुंब त्या नावाला कसे पोहोचले, हे मात्र पॅरिशच्या वह्या, जमीनदारीची दप्तरे आणि नोटरीचे दस्तच सांगू शकतात. म्हणून तिथला जाणकार वंशसंशोधक पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणत्या गावचे?’

या प्रश्नाचे मोल कोल्हापूरला कळेल. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केली. १९४१ मध्ये जनरल सिकोर्स्की यांच्या परागंदा पोलिश सरकारने सोव्हिएत सत्तेशी केलेल्या करारामुळे त्यांची सुटका झाली आणि त्यांतले काही इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. १९४५ नंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या आणि त्यांची गावे पोलंडमध्ये उरलीच नाहीत. ती आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत. अशा घरांत गावावरून आलेले आडनाव हाच गावाचा उरलेला पत्ता ठरला.

आडनावावरून माणसाचे कूळ, वर्ग, धर्म, राष्ट्र ठरवण्याचा मोह सगळीकडेच असतो आणि त्याने विसाव्या शतकात युरोपात अपरिमित हानी केली. कोवाल्स्की या मोहाला ठाम उत्तर देते. एकाच नावात मालक आणि मजूर, कॅथलिक आणि ज्यू, राहिलेले आणि परागंदा झालेले एकत्र आहेत, आणि त्यांच्यातला कोणीही दुसऱ्याहून अधिक खरा कोवाल्स्की नाही. सामान्य माणसासाठी पोलिश भाषेने नेमके हेच आडनाव निवडले, यापेक्षा योग्य निवड मला सुचत नाही.