पितळ आत गेलं का?

आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख इंग्रजी विभागात देणं मला बरं वाटेना, कारण यातलं जवळजवळ सगळं मी ज्यांच्याकडून शिकले ते वर्कशॉपमधले काका ब्रेझिंगला 'झाळणं' म्हणतात, फाइलला 'कानस' आणि बोरॅक्सला 'सवागी'.

विषय आहे सायकलची फ्रेम हाताने बनवणं. अकरावीतल्या धाकट्या भावाला सायकल हवी होती. मी मेकॅनिकलची, म्हटलं मीच बनवते! आई म्हणाली, "त्याचे दात पाडू नकोस म्हणजे झालं." तेव्हा हसले होते.

घरातली किंवा दूधवाल्याची जुनी काळी सायकल नीट बघा. हँडलच्या खाली जिथे नळ्या एकत्र येतात, तिथे नळीवर बाही चढवावी तसा एक पोलादी तुकडा दिसेल. तो लग. नळी लगमध्ये सरकवायची, तापवायची आणि मधल्या फटीत वितळलेलं पितळ जाऊ द्यायचं. वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळतो. इथे तसं नाही. पोलाद वितळतं साधारण १५०० अंश सेल्सियसला, पितळी सळई ९०० च्या आसपास. म्हणजे नळी शाबूत राहते आणि पितळ फटीत ओढलं जातं, वात तेल ओढते तसं. फट मात्र फार बारीक हवी, मिलिमीटरचा दहावा हिस्सा वगैरे. जास्त असली तर ओढ कमी पडते.

नळ्या पातळ असतात म्हणून ही सगळी काळजी. १८९७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. ताण आणि झाळण्याची उष्णता दोन्ही टोकांनाच जास्त, तर मधलं वजन उगाच कशाला वाहायचं? १९३५ मध्ये त्याच कंपनीची प्रसिद्ध '५३१' नळी आली. माझ्या नळ्या इतक्या उच्चभ्रू नाहीत. साध्या क्रोमोलीच्या, सगळीकडे ०.९ मिमी जाड.

पहिलं काम कानशीचं. खालची तिरकी नळी हँडलच्या नळीला जिथे भिडते, तिथे तिचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. आठवतं का, ग्राफिक्समध्ये दोन सिलिंडर एकमेकांना छेदतात तो प्रश्न? मी तो ऑप्शनला टाकला होता! आता तोच कर्व्ह कागदावर काढून, कागद नळीला गुंडाळून, त्या रेघेपर्यंत घासत बसले. एका तोंडाला दोन दुपारी गेल्या. काकांची परीक्षा सोपी होती. ते जोड उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला की म्हणायचे, "घास अजून."

मग झाळणं. नळी आणि लग दोन्ही पॉलिश पेपरने पांढरे होईपर्यंत घासायचे, बोट लावायचं नाही, सवागीयुक्त फ्लक्सचा लेप द्यायचा. तापल्यावर फ्लक्सची पातळ काच होते आणि पोलादाला हवा लागू देत नाही. हवा लागली की काळा थर धरतो आणि काळ्या थरावर पितळ धरत नाही. नवशिक्याला वाटतं की सळई नेऊ तिथे पितळ जाईल. नाही जात. पितळ उष्णतेच्या मागे जातं. म्हणून ज्योत पुढे न्यायची आणि पितळाला तिच्या मागून बोलवायचं. (हे वाक्य काकांचं, माझं नाही.)

माझा खालचा जोड झाला तेव्हा लगच्या कडेने सोनेरी रेघ आली होती, अखंड. मी मोबाइलवर फोटो काढून भावाला पाठवलासुद्धा. काकांनी फोटो बघितला नाही. त्यांनी मला नळीच्या दुसऱ्या, उघड्या टोकातून टॉर्च मारून आत बघायला सांगितलं. पितळ बाहेरून आतपर्यंत पोचलं असेल तर आतही तशीच सोनेरी कडी दिसायला हवी. मला पाऊण कडी दिसली. उरलेला पाव भाग, नेमका खालच्या बाजूचा, काळा.

"काका, परत तापवून अजून पितळ घातलं तर?"

"आतला फ्लक्स जळलाय गं. काळ्यावर काय धरणार? पण फ्रेम तुझी आहे, तू ठरव."

खरं सांगते, त्या रात्री मी स्वतःला खूप समजावलं. तीन चतुर्थांश जोड तर आहे, ताकद पुरेल, रंग दिला की कोणाला दिसणार आहे? कागदावर ताण काढून बघितला, आकडा चालेल असा आला. पण तो आकडा एका वेळच्या भाराचा. खड्डा, ब्रेक, परत खड्डा, प्रत्येक हिसका या जोडावर येतो, आणि अर्धवट जोडात भेग सुरू व्हायला जागा आयती तयार असते. तो सुटला तर पुढचं चाक मागे दुमडतं आणि चालवणारा तोंडावर पडतो. आईचे दात आठवले. म्हणजे भावाचे!

सकाळी कापला. उभा चिरल्यावर कळलं की खालच्या बाजूला पितळ कडेपासून जेमतेम चार-पाच मिलिमीटर आत गेलं होतं. मी लग लालभडक केला, पण आतली नळी तापायच्या आधीच सळई लावली. शिवाय लगच्या आत खोलवर फ्लक्स लावायलाच विसरले होते. नवी नळी, नवा लग, परत दोन दुपारी कानस.

दुसऱ्या जोडात कडी पूर्ण आली. काकांनी टॉर्च मारली, बराच वेळ बघितलं आणि चहा मागवला.

पुढचा त्रिकोण आता उभा आहे. मागचा बाकी. त्यात बंद होणाऱ्या नळ्यांना बारीक भोकं पाडायची आहेत, नाहीतर आत कोंडलेली गरम हवा वितळलेलं पितळ बाहेर ढकलते. मग पुढून मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणून मधल्या नळीपासूनचं अंतर सारखं आहे का ते मोजायचं. चिरलेला जोड माझ्या टेबलावर आहे, कोणाला बघायचा असेल तर या. भाऊ तोवर बसनेच जातोय.