सिलिकॉन कार्बाइड : नाव एक, प्रकार दोन

गाडीला रंग देण्याआधी पाणी लावून घासतात तो काळा पॉलिश पेपर तुम्ही पाहिला असेल. त्यावरचे कण बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांना ते मिळाले. ते चिकणमाती आणि कोकची भुकटी विजेने तापवत होते. त्या चमकदार स्फटिकांना त्यांनी कार्बोरंडम नाव दिलं. आजही वाळू आणि पेट्रोलियम कोक विजेच्या भट्टीत २००० अंश सेल्सिअसच्या वर तापवूनच ते बनवतात.

आता बघा, यात सिलिकॉनचा प्रत्येक अणू कार्बनच्या चार अणूंना घट्ट धरून असतो. हिऱ्यासारखीच ही बांधणी. म्हणून मोहस मापावर हिरा १०, तर हे ९ च्या वर. उष्णता ते पोलादापेक्षाही चांगली वाहून नेतं आणि तापल्यावर पोलादाच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावतं. वजनाला पोलादाच्या निम्म्याहून कमी. उणीव एकच, ठिसूळपणा. हातातून पडलं की तुकडे!

हे गुण एकत्र कुठे लागतात? रासायनिक कारखान्यातल्या पंपात. पंपाचा दांडा फिरतो, पण बाहेरचं कवच स्थिर असतं. मधल्या फटीतून द्रव गळू नये म्हणून दोन गुळगुळीत कड्या एकमेकींवर टेकवतात, एक फिरती, एक स्थिर. यालाच मेकॅनिकल सील म्हणतात. कडी झिजली नाही, घर्षणाची उष्णता लगेच बाहेर गेली आणि पृष्ठभाग सपाट राहिला, तरच गळती थांबते.

पण इथे एक मेख आहे. कडी दोन प्रकारांनी बनते. पहिल्या प्रकारात कार्बन मिसळलेल्या साच्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. स्वस्त पडतं, पण थोडं सिलिकॉन मोकळंच उरतं. दुसऱ्या प्रकारात बारीक पावडर दाबून सुमारे २००० अंशांना भाजतात. त्याला सिंटरिंग म्हणतात. यात मोकळं सिलिकॉन राहत नाही.

पाण्याच्या पंपात दोन्ही चालतात. पण गरम, तीव्र कॉस्टिक सोडा असेल तर तो मोकळं सिलिकॉन विरघळवतो. कडी आतून पोखरली जाते, गळती सुरू होते आणि समोर उभ्या कामगाराच्या अंगावर, डोळ्यांत कॉस्टिक उडू शकतं. दिसायला दोन्ही कड्या काळ्याच! तेव्हा ऑर्डर देताना नुसतं 'सिलिकॉन कार्बाइड' लिहून भागत नाही. कोणतं, तेही लिहा.