साठ वाद्यांचे काम सहा वाद्यांवर

बारामती किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत कोणी ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गावजत्रेतील रंगमंच येतो. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, गिटार, ढोलकी-तबला, दोन गायक आणि एक निवेदक. पाश्चात्त्य संगीतात हाच शब्द साठ-सत्तर वादकांच्या वृंदासाठी वापरला जातो. शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये जे अंतर आहे, ते पार करण्याची एक स्वतंत्र कला आहे. मोठ्या वृंदासाठी लिहिलेली रचना मोजक्या वाद्यांसाठी पुन्हा मांडणे, ही ती कला होय. तालुक्याच्या गावी सिम्फनी कधी प्रत्यक्ष ऐकू येईल का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे तिच्यावरच अवलंबून आहे. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि २००६ मध्ये एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला; परंतु एवढा लवाजमा, त्याची वाद्ये आणि त्याला साजेसे सभागृह हे सारे नीरा-भीमेच्या खोऱ्यातील गावात आणणे खर्चाच्या दृष्टीने जवळजवळ अशक्यच. सहा वादक मात्र एका जीपमधून येऊ शकतात.

ही गरज नवी नाही. ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वी युरोपातील बहुतेक रसिकांना सिम्फनी परिचित होत असे ती अशा लघुरूपातच. हायडनला लंडनला नेणाऱ्या सालोमनने त्याच्या लंडन सिम्फनी बासरी, चार तंतुवाद्ये आणि पियानो यांच्यासाठी उतरवून काढल्या. बेथोव्हेनची दुसरी सिम्फनी पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीनच वाद्यांवर १८०५ मध्ये प्रसिद्ध झाली. लिझ्टने तर त्याच्या नऊही सिम्फनी एकट्या पियानोवर आणल्या. ही नक्कल मानली जात नसे. आज मूळ गाण्याची ध्वनिफीत विकत घ्यावी, तशी ती घरोघर विकत घेतली जाई.

या कलेतील सर्वांत रोचक प्रकरण मात्र पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नातील आहे. अर्नोल्ड शोनबर्गने १९१८ मध्ये खासगी संगीतप्रयोगांची एक संस्था काढली. तिथे समीक्षकांना प्रवेश नव्हता, टाळ्या वाजविण्यास मनाई होती. मोठा वृंद परवडत नसल्याने एर्विन स्टाइनने १९२१ मध्ये माहलरची चौथी सिम्फनी तेरा-चौदा कलावंतांत बसविली. त्या वर्षी पैसे उभे करण्यासाठी शोनबर्ग, बर्ग आणि वेबर्न यांनी योहान स्ट्राउसचे वॉल्ट्झ छोट्या संचासाठी लिहून सादर केले आणि त्यांची हस्तलिखिते लिलावात विकली. पण चलनफुगवट्याने संस्था बुडाली. ब्रुकनरच्या सातव्या सिम्फनीचे तयार झालेले लघुरूप तिथे वाजू शकले नाही.

या संचात गाळलेल्या सुषिर वाद्यांची जागा भरून काढणारे वाद्य होते हार्मोनियम. हॉर्न किंवा बासून यांचे लांब धरलेले स्वर पियानोवर उमटताच विरू लागतात. हार्मोनियमचा भाता मात्र ते हवे तितके टिकवितो. महाराष्ट्रातील संगीत नाटकांनी पायपेटीकडून जे काम करून घेतले, तेही थोडेफार याच जातीचे होते. गायकाच्या आवाजामागे स्वरांची एक अखंड चादर पसरून ठेवणे. जी पेटी येथे भजनी मंडळातही सहज सापडते, ती व्हिएन्नातील आधुनिकांच्या गुरूलाही आवश्यक वाटली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वाद्ये कमी करताना चाल आणि खर्ज राखावा, बाकी सोडावे, असे प्रथमदर्शनी वाटते. हा समज किती फसवा आहे, हे मोझार्टच्या १७८८ मधील चाळिसाव्या सिम्फनीवरून कळते. तिची सुरुवात चालीने होत नाही. आधी व्हियोला दबक्या, अस्वस्थ लयीत धावू लागतात आणि त्या धावेवर व्हायोलिनची चाल येते. सलील चौधरी यांनी ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातील तलत-लता यांच्या युगुलगीतासाठी हीच चाल घेतली. तिथे ती गोड, आर्जवी होते. कारण खालची ती धडधड गेलेली असते. चित्रपटगीत म्हणून ते उत्तमच आहे. पण सिम्फनीचे लघुरूप करणाऱ्याला धडधड सोडून चालणार नाही.

आता हा आरंभ लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या ब्रास बँडला द्यायचा आहे, असे समजा. मूळ रचना जी मायनरमध्ये आहे. बँडमधील ट्रम्पेट आणि क्लॅरोनेट सहसा बी फ्लॅटचे असल्याने त्यांच्यासाठी ती एक स्वर वर, ए मायनरमध्ये लिहावी लागेल. ही तशी बोटांना सोपी पट्टी. व्हियोलांची धाव क्लॅरोनेटच्या खालच्या, घोगऱ्या स्वरांत छान बसते. अडचण श्वासाची आहे. गजाला श्वास घ्यावा लागत नाही, वादकाला लागतो. म्हणून ती धाव दोन क्लॅरोनेटांत आलटून-पालटून वाटून द्यायची, एकाने थांबले की दुसऱ्याने उचलायचे. खर्ज युफोनियमकडे जाईल. साइड ड्रमला मात्र काही काळ गप्प बसावे लागेल, आणि वरातीत हेच सर्वांत कठीण!

तंतुवाद्यांचे गणितही विचित्र आहे. एकाच स्वरावर दोन व्हायोलिने ठेवणे जाणकार शक्यतो टाळतात, कारण दोघांतील सुराचा बारीकसा फरक कानाला बोचतो. एक चालते, तीन झाली की तो फरक समूहनादात मिसळून जातो. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत पेच आणखी निराळा. तिथे ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबासून शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवलेले आहेत आणि त्यांच्या आगमनानेच विजयाचा नाद उसळतो. सहाच वादक असतील, तर राखीव काय ठेवणार? पहिले तीन भाग पियानोला अगदी खालच्या सप्तकात जाऊ न देणे, हा त्यावर एक मार्ग. अर्थात हे दुधाची तहान ताकावर भागविण्यासारखे आहे, हे नाकारता येत नाही.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत हे कौशल्य मुख्यतः गोव्याच्या वादकांनी आणले. स्वरलेखन वाचता-लिहिता येणारी ही मंडळी. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकी एक. प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य, आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्याने गुरूचे नाव घरोघर पोचविले. या वादकांनी लिहिलेली सुटी पाने ध्वनिमुद्रण संपताच बहुधा निरुपयोगी ठरत. त्यामुळे जत्रेतील ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवाल्याला त्या गाण्यांचे म्युझिक पीस कानानेच उतरवावे लागले. डाव्या हाताने खर्ज धरून उजव्या हातात व्हायोलिनची उपचाल पकडणारा हा माणूस, नकळत, सालोमनचेच काम करीत असतो. त्याची दखल संगीतावरील लेखनात फारशी घेतली गेलेली नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल.

डीजेच्या भिंतींनी बँडचा धंदा खाल्ला, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. तयार ध्वनिफीत वाजविणाऱ्याशी त्याच गाण्यांवर स्पर्धा करणे बँडला जड जाते. नवे भांडार हाताशी असेल तर सभागृहात, शाळेत बसून वाजविण्याचे निमंत्रण तरी मागता येईल. कायद्याची अडचण येथे नाही. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे मोझार्ट व बेथोव्हेन केव्हाच मुक्त झाले आहेत. सलील चौधरी यांचे निधन १९९५ मधील असल्याने त्यांच्या चालींवरील हक्क अजून शाबूत आहेत. मात्र लग्नाच्या वरातीतील वादनाला कॉपीराइट कायद्यानेच सूट दिलेली आहे. सभागृहात तिकीट लावून तेच गाणे वाजविले, तर परवाना लागतो. चाळिसाव्या सिम्फनीला तो दोन्हीकडे लागत नाही.